जोडापासून वीतभर

तीर्थरूप अक्का,

धाकट्या भावाचा नमस्कार. (उभ्यानंच केला आहे, गोड मानून घे. वाकलो तर परत सरळ व्हायला कुणाला तरी हाक मारावी लागते, आणि सध्या घरात मी हाक मारली तर कुणी ओ देईल अशी परिस्थिती नाही. कारण पुढे येईलच.)

तुझ्या गुडघ्याचं काय म्हणणं आहे? मागच्या पत्रात तू लिहिलंस की डॉक्टरांनी जिने चढायला मनाई केली, तेव्हा तू त्यांना विचारलंस की मग जावयाचं दुसऱ्या मजल्यावरचं घर खाली कोण आणून देणार. मला त्या डॉक्टरांची दया आली. लहानपणापासून तुझ्यापुढे माझी जी गत होते तीच आता शिकल्यासवरल्या माणसांचीही व्हायला लागली, हे वाचून मात्र जरा बरं वाटलं. लेकीचा खोकला गेला का? नात अजून माझा फोटो पाहून रडते का? (तो फोटो भिंतीवरून काढ. त्यात मी हसतो आहे, आणि मी हसलो की माझ्या पोटात दुखतंय असं लोकांना वाटतं, असं तुझ्या भावजयीचंही मत आहे.) इकडे सगळं ठीक. भावजय माझ्याशी मोजकंच बोलते, तेवढीच माझ्या कानांना विश्रांती. थंडी उतरणीला लागली आहे. पहाटे गच्चीच्या कठड्यावर अजून हात ठेववत नाही, पण नऊ वाजता पाण्याच्या टाकीमागच्या कोपऱ्यात ऊन येतं, आणि आम्ही सगळे आपापल्या खुर्च्या घेऊन त्याच्या मागे सरकत जातो. तू आणि वहिनी (पोस्टमास्तरांच्या) बसायचात तोच कोपरा. तुझी वेताची खुर्ची अजून तिथेच आहे. तिच्यावर कुणी बसत नाही, मी एकदा बसलो तर मोडली. म्हणजे थोडीशीच मोडली, बांधली आहे.

तू विचारलं होतंस गच्चीवरची मंडळी कशी आहेत. तू लेकीकडे गेल्यापासून दोन माणसं वाढली. खालच्या मजल्यावर एक हेडमास्तरीणबाई राहायला आल्या आहेत. त्या निवृत्त झाल्यात, पण ते त्यांना कुणी कळवलेलं दिसत नाही. कुंड्या ओळीत उभ्या करतात, हजेरी घेतल्यासारखं एकेका झाडापुढे थांबतात, आणि ज्याची प्रगती समाधानकारक नाही त्याच्याकडे चष्म्याच्या वरून बघतात. (दोन शेवंत्या यंदा निव्वळ भीतीनं फुलल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.) दुसरे आपले कोपऱ्यावरचे गॅरेजवाले. झाड सुकलं की त्याला एकतर तेल कमी पडलंय नाहीतर हवा, यापलीकडे त्यांचं निदान जात नाही. तिसरे पोस्टमास्तर, ते तुला माहीतच. वहिनी गेल्याला तीन वर्षं झाली, पण अजून गच्चीवर येताना दोन पेले आणतात आणि एक तसाच कोरडा परत नेतात. बिल्डिंगचं टपाल अजून त्यांच्याच हातून येतं-जातं. खाली पेटीत पडलेली पत्रं गोळा करून दारोदार वाटतात, आणि कुणाला पत्र धाडायचं असेल तर आधी ते त्यांच्या टेबलावरच्या छोट्या काट्यावर चढतं. वजन केल्याशिवाय आणि तिकीट स्वतःच्या हातानं लावल्याशिवाय ते कुणाचंही पत्र बाहेर जाऊ देत नाहीत. हेही पत्र त्याच वाटेनं येणार आहे, म्हणून मी अक्षर बारीक काढतो आहे.

आता माझं. अक्का, मी चाळीस वर्षं कापड कापलं. कापडाचा स्वभाव चांगला असतो. ते टेबलावर मुकाट पडून राहतं, मापं घेऊ देतं, आणि चुकलंच तर चूक आतून दुमडता येते. (एका वकिलाच्या कोटाला मी दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या होत्या, तो कोट घालून ते खटला जिंकले आणि पुढची सहा वर्षं तशाच बाह्या मागत राहिले. तेव्हापासून मला स्वतःबद्दल थोडा गैरसमज आहे.) दुकान सोडल्यावर भावजय म्हणाली की दिवसभर घरात पडद्यांची मापं घेत फिरू नका, वर जा आणि काहीतरी लावा. मी गेलो. बियांचं एक पाकीट आणलं, कुंडीत टाकलं, आणि जे उगवलं त्याला दीड महिना जिवापाड जपलं. काठीचा आधार दिला, दुपारच्या उन्हाला जुन्या अस्तराचं छप्पर केलं. शेवटी हेडमास्तरीणबाईंनी मला विचारलं की हे गवत मी मुद्दाम लावलं आहे का. मी हो म्हणालो.

त्यानंतर मी तुला बागेची पत्रं लिहायला लागलो, आणि तू उत्तरं धाडायला लागलीस. इथे एक कबुली देतो. तुझी उत्तरं मी जिन्यात उभा राहून पाठ करायचो आणि वर जाऊन माझी म्हणून सांगायचो. पानं पिवळी पडतात? मुळं भिजली आहेत. कळ्या गळतात? कुंडी सारखी फिरवू नका. मी हे कठड्याला टेकून, लांब कुठेतरी बघत, अशा काही सुरात बोलायचो की गॅरेजवाल्यांनी हातातला पाना खाली ठेवून ऐकावं. एकदा तू लिहिलेलं 'अरे गाढवा, पाणी कमी घाल' हे वाक्य मी सवयीनं हेडमास्तरीणबाईंना जसंच्या तसं ऐकवणार होतो, पहिले दोन शब्द अगदी ऐन वेळी गिळले. वर्षभरात माझी ख्याती झाली. मला कटिंगमास्तर म्हणायला लागले. म्हणजे दुकानातही कटिंगमास्तरच म्हणत, पण तिथे ते पद होतं आणि इथे तो मान होता. मान कसा सांभाळायचा हे मला कुणी शिकवलेलं नाही.

तर महिन्याभरापूर्वी गच्चीवर चहा पिताना विषय निघाला गुलाबांच्या छाटणीचा. वहिनी होत्या तोवर सगळ्यांचे गुलाब त्याच छाटायच्या. त्या गेल्यावर तीन वर्षं कुणी कात्री लावली नव्हती, आणि झाडं अशी उंच गेली होती की फूल बघायला स्टूल लागावं. चौदा कुंड्या. हेडमास्तरीणबाई म्हणाल्या, माणूस आपल्यातच आहे आणि आपण शोधतोय कुठे. गॅरेजवाले म्हणाले, कात्री चाळीस वर्षं ज्याच्या हातात होती त्याच्याहून लायक कोण. मला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला दोन माणसं लागत नाहीत, अक्का, मी शिडी घेऊनच फिरतो. मी म्हणालो, थंडी जरा उतरू द्या, मग बघू. (हे वाक्यही तुझंच.) आणि घरी येऊन घाईघाईनं तुला पत्र टाकलं. तुझं उत्तर आठवड्यात आलं. त्याच्या पहिल्याच पानावर तू स्वच्छ लिहिलं होतंस की फुटवे जागे व्हायच्या आत छाट, कात्री धारदार घे, काप तिरका घे, आणि जोडापासून वीतभर ठेव.

वीतभर म्हटल्यावर मी थांबलो. वीत हे काही माप नव्हे. माझी वीत आठ इंच, गॅरेजवाल्यांची सव्वानऊ, हेडमास्तरीणबाईंची विचारायची सोय नाही. शेवटी नऊ इंच धरले. आता जोडाचं. जोड म्हणजे रानगुलाबाच्या खुंटावर चांगल्या गुलाबाचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, जिथे भरतात ती गाठ, त्याच्या खाली सगळं रान आणि वर सगळं फूल, हे आज मला कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. तेव्हा ठाऊक नव्हतं. आमच्या धंद्यात जोड दिसला तर तो शिवणाऱ्याचा दोष. चांगला जोड दिसतच नाही. म्हणून मी विचार केला की जे दिसत नाही त्याच्यापासून मोजायचं कसं, आणि मग आमच्या धंद्यातलं जुनं शहाणपण वापरलं. पँटची उंची, परकराचा घेर, काहीही सारखं यायला हवं असेल तर माप जमिनीपासून घ्यायचं, माणूस वाकडा असो की सरळ. तेव्हा चौदाही झाडं मातीपासून नऊ इंच. एका रेषेत. सुंदर दिसणार होतं.

छाटणीच्या सकाळी मी गळ्यात टेप टाकून, कानावर खडू ठेवून वर गेलो. मंडळींनी खुर्च्या मांडल्या होत्या. आधी मी चौदा झाडांवर नऊ इंचांवर निळ्या खडूची खूण केली, तेव्हाच कुजबुज झाली. मग कात्री चालवली. कच्, कच्, एकेक झाड. मी मधे मधे मागे सरून मान तिरकी करून बघत होतो, त्याची काहीच गरज नव्हती. तेरा झाली. गॅरेजवाल्यांनी लांब जाऊन एक डोळा मिटून पाहिलं आणि लेव्हल आहे म्हणून सांगितलं. चौदावी कुंडी पोस्टमास्तरांची. तो वहिनींचा लाल-पिवळा गुलाब. त्याचा बुंधा गुडघ्याएवढा सरळ, वर एक जाड गाठ आणि गाठीच्या वर फांद्या. ती गाठ मला दिसली, खोटं कशाला बोलू. मला वाटलं की कापडात सुताची गाठ येते तशी ही खोड आहे, आणि ती माझ्या मापाबाहेर राहिली याचा मला आनंदच झाला. पोस्टमास्तर एवढंच म्हणाले, "एवढं खाली?" मी म्हणालो, "वीतभर. शास्त्र आहे." मी कापलं. टाळ्या झाल्या. पोस्टमास्तरांनी नेहमीप्रमाणे झाडू घेतला आणि पडलेल्या फांद्या आवरायला लागले. मी त्या टाळ्यांना जरा वाकून नमस्कार केला आणि मघाशी सांगितलं तसं मला हेडमास्तरीणबाईंनी सरळ केलं.

तिसऱ्या दिवशी तुझ्या भावजयीला धोब्याच्या कपड्यांची यादी करायला कागद हवा होता. तिनं तुझं पत्र उचललं आणि मागची बाजू कोरी आहे का बघितलं. कोरी नव्हती. तू तिथेही लिहिलं होतंस, अक्का. आता तुला तोंडपाठ असेल, मला तर आहेच. 'तिच्या लाल-पिवळ्याला मात्र तू हात लावू नकोस. त्याचा जोड गुडघ्यापाशी आहे. तिला वाकता येत नव्हतं म्हणून तिनं तो मुद्दाम वर घेतला. मूळ झाड केव्हाच गेलं, त्याचे दोनच डोळे तिनं भरले, एक स्वतःच्या कुंडीत आणि एक माझ्या.' भावजयीनं हे मोठ्यानं वाचलं आणि कागद माझ्यापुढे ठेवला. पान उलटून बघायची सवय मला शाळेतही नव्हती, म्हणून तर गणिताचा निम्मा पेपर कायम कोरा राहायचा आणि तू मार खायला लावायचीस. पण यावेळी मार नव्हता. मला रडू आलं, अक्का. हे विनोदानं लिहायचा प्रयत्न केला पण जमलं नाही, म्हणून सरळ लिहिलं. त्या माणसाकडे तिच्या हातचं जिवंत असं तेवढंच होतं.

भावजय म्हणाली, आत्ता जा आणि सांगून टाका. मी म्हणालो, जातो. आणि गेलो तो थेट कचऱ्याच्या डब्यांपाशी. माझ्या डोक्यात असं होतं की ती वरची फांदी सापडली तर पुन्हा कुठेतरी जोडता येईल. शिंप्याला तुटलेलं सगळं जोडता येतं असं वाटतं. भर सकाळी, स्वेटर घालून, मी तीनही डबे उपसले. झाडलोट करणाऱ्या बाईंनी विचारलं की काय हरवलं. मी म्हणालो, फांदी. त्यांनी मला बारकाईनं बघितलं आणि दुसऱ्या दिवसापासून मला आधी नमस्कार करायला लागल्या, माणूस बिघडला की करतात तसा. चौदा झाडांच्या फांद्यांचा ढीग मी एकेक करून वेगळा केला. तेरा झाडांच्या मिळाल्या. त्या एका झाडाची नाही. हातांना इतके काटे लागले की भावजय सुई घेऊन अर्धा तास काढत बसली होती, आणि प्रत्येक काट्याला एकच प्रश्न होता, सांगितलं का. मी दर काट्याला नाही म्हणत होतो. तेव्हापासून ती माझ्याशी मोजकं बोलते.

सांगायला गेलो नाही असं नाही. दुसऱ्या दिवशी साडेसहाला वर गेलो, म्हटलं इतर मंडळी यायच्या आत बोलून घेऊ. पोस्टमास्तर टाकीमागे एकटे बसले होते, शाल गुंडाळून. मला बघून त्यांनी तो कोरडा पेला सरळ केला आणि त्यात चहा ओतला. आता अशा माणसाला काय सांगणार? मी तो चहा प्यायलो आणि थंडीबद्दल बोललो. त्याच्या पुढच्या दिवशीही गेलो. आणि त्याच्याही. तीन आठवडे रोज साडेसहाला मी कबुली द्यायला वर जातो आणि चहा पिऊन खाली येतो. जाताना त्या खुंटाला पाणी घालतो. मोठा गारठा पडला त्या दिवशी मी त्याला माझी लोकरी टोपी घातली होती. पोस्टमास्तरांनी ती घडी करून परत दिली आणि म्हणाले, तुमच्या डोक्याला जास्त गरज आहे. मी हसलो. ते हसले नाहीत.

आणि अक्का, दैवाची गंमत बघ, तो खुंट फुटला. असा फुटला की बाकीचे तेरा लाजावेत. रानच ते, त्याला कोण अडवणार. हिरवेगार लांबलचक फुटवे, चाबकासारखे. मंडळींना आनंदाचं भरतं आलं. गॅरेजवाले म्हणाले इंजिन चालू झालं. हेडमास्तरीणबाई मात्र पानं मोजायला लागल्या. त्यांच्या लक्षात आलं की बाकीच्या गुलाबांना एका देठावर पाच पानं आणि याला सात. गॅरेजवाले म्हणाले, मग चांगलंच आहे की, दोन जास्तीची. हेडमास्तरीणबाईंनी चष्म्याच्या वरून आधी झाडाकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात पोस्टमास्तर शांतपणे म्हणाले, "कटिंगमास्तरांच्या हाताचा गुण आहे." चेहऱ्यावर रेष हलली नाही. इतकी वाईट स्तुती माझी आयुष्यात कधी झाली नाही. आता मंडळी त्या झाडाला कळ्या कधी येतात याची वाट बघत आहेत, पोस्टमास्तर वाट बघतात, आणि येणार आहे ते बिचारं पांढरं, पाच पाकळ्यांचं, रानातलं फूल. उन्हं वाढली की महिना-दीड महिन्यात. त्या सकाळी मी कुठे असावं याचा मी विचार करतो आहे. तुझ्याकडे एखादी खोली रिकामी आहे का?

असो. हे सगळं फक्त मन मोकळं करावं म्हणून लिहिलं. माझी काही अपेक्षा नाही, मागणं नाही. मोठी बहीण आहेस, ओरडशील, तेवढं ओरड. गुडघ्याला शेक घे. लेकीला, जावयाला मी विचारल्याचं सांग, आणि नातीला सांग की फोटोतला माणूस खराखुरा त्याहून बरा दिसतो.

तुझा,
साठी उलटली तरी अजून धाकटाच असलेला भाऊ

ता. क. एक अगदी लहानसं मागणं आहे. तुझ्या कुंडीतल्या लाल-पिवळ्याची एक फांदी पाठवशील का? जगात आता त्याचं तेवढंच झाड आहे. त्याचे डोळे फुगायच्या आत काढायला हवी. इकडे खुंटाला रस चढतो आहे, पंधरा दिवसांत डोळा भरला तर धरेल, नंतर नाही. ओल्या फडक्यात गुंडाळ, वर मेणकापड. डोळा कसा भरतात तेही लिही. पान उलटून लिहिलंस तर समोरच्या बाजूला तसं मोठ्या अक्षरात कळव.

ता. क. २. पार्सल पोस्टमास्तरांच्याच हातून येईल, म्हणून वर 'बटणं' असं लिही. माझ्याकडे बटणं येऊ शकतात, त्यात कुणाला संशय येणार नाही. साडेसहाच्या चहाला त्यांना बोलत ठेवायचं आणि भावजयीनं तेवढ्यात डोळा भरायचा, असा बेत आहे. (तिला अजून सांगितलेला नाही.) कळी आली की लाल-पिवळी येईल, आणि मला कुणाला काही सांगावंच लागणार नाही. भेकडपणा आहे, मला कळतं.

ता. क. ३. हे मी पोस्टमास्तरांच्या टेबलाशी बसून, त्यांच्याच पेनानं लिहितो आहे. ते समोर तोंड भिंतीकडे करून बसले आहेत, कारण दुसऱ्याचं पत्र त्यांनी नोकरीत असताना कधी वाचलं नाही आणि आता वाचणार नाहीत. मी वजन करायला पाकीट घेऊन आलो होतो. त्यांनी ते काट्यावर ठेवलं, काटा बघितला, आणि म्हणाले की ख्यालीखुशालीचं पत्र एवढं जड नसतं. मी ततपप केलं. मग ते म्हणाले, "अक्कांकडे फांदी मागितली असेल तर तीन डोळ्यांची मागा. एक तुम्ही वाया घालवणार."

अक्का, त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ती फांदी झाडताना त्यांनीच उचलली होती. वहिनींनी डोळा बांधला तेव्हाच्या सुतळीची खूण त्या गाठीवर अजून होती, म्हणाले, ओळखणार नाही का. स्वयंपाकघराच्या खिडकीत पेल्यात ठेवली होती. आठ दिवस हिरवी राहिली, मग वाळली. पेला अजून तिथेच आहे, मी पाहिला. मी विचारलं की मग बोलला का नाहीत, तीन आठवडे मी रोज मरतो आहे. ते बराच वेळ काट्यावरची वजनं नीट लावत बसले. मग म्हणाले, "ती गेल्यापासून साडेसहाला वर मी एकटाच असायचो. तुम्ही यायला लागलात. म्हटलं, बोललो तर माफी मागाल आणि पुन्हा नऊला यायला लागाल."

मी माफी मागितली. साडेसहाचं कायम ठेवलं आहे.

तुला त्यांचा निरोप असा. फांदी टपालानं पाठवू नका, पार्सलांचं काय होतं ते मी सगळं आयुष्य पाहिलं आहे. स्वतः घेऊन या. डोळा भरायला तिनं तुम्हाला शिकवलं होतं, तो तुम्हीच भरायचा. खुर्ची कोपऱ्यातच आहे (तिचा मोडलेला पाय गॅरेजवाल्यांनी आता लोखंडाचा केला आहे), आणि जिन्यावरून तुम्हाला वर न्यायला आम्ही चौघं आहोत. भावजयीला आत्ताच जाऊन सगळं सांगितलं, ती तीन आठवड्यांत पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलली. म्हणाली, अक्कांची खोली झाडून ठेवते. मला फक्त सुतळी बांधायला ठेवलं आहे. कात्री माझ्या हातात द्यायची नाही, असं एकमतानं ठरलं.

पहिले दोन ता. क. फाडून टाकावेत असं मनात होतं, पण पोस्टमास्तर भिंतीकडे बघूनच म्हणाले की वजन केलेलं पत्र कमी करायचं नसतं. या कागदानं ते वाढलं आहे, आणखी एक तिकीट लागेल, ते त्यांनी जिभेवर ओलं करून हातात धरून ठेवलं आहे. तेव्हा आता थांबतो. फांदी काप, जोडाच्या वरून काप, आणि नीघ.